हिरवा चाफा, अत्तरदाणी आणि आमची आजी

आज जरा वासाविषयी लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या, आम्हा हैदराबादकरांना थोडक्यात सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात नातीने तिच्या पहिल्या पगारातून माझ्यासाठी सेंटची बाटली आणली. "आजी, हे लग्नाबिग्नाला घालायचं भारी नाहीये. हलकं आहे, रोज लाव." खोक्यावर हिरवं सफरचंद, नासपती आणि चमेली अशी चित्रं होती. मी मनगटावर एक फवारा मारला आणि तिथेच खुर्चीत बसले. तो वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेचा वास!

आजीने आयुष्यात सेंटची बाटली विकत घेतली नाही. 1942 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि आमच्या घरात विधवेने अत्तर लावायचं नसे. मग तो वास आला कुठून? त्याचं उत्तर सांगायचं तर आधी अत्तराची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं घर सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत होतं. जुनं, मधे चौक असलेलं. त्या भागात मराठी माणूस निजामाच्या काळापासून दाट वस्तीने राहिला. सरकारदरबारी उर्दू, शेजारी तेलुगू आणि घरात मराठी, अशी आमची तीन पायांची शर्यत. विवेकवर्धिनी शाळा 1907 साली निघाली ती आपल्या मुलांना आपल्या भाषेत दोन अक्षरं शिकता यावीत म्हणूनच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. पण चैत्रातलं हळदीकुंकू काही कुठे गेलं नाही आणि त्या हळदीकुंकवात चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणीही होती.

अत्तर हा शब्द अरबी 'इत्र'वरून आला आणि तो विकणारा तो अत्तार. आपल्याकडे अत्तार हे आडनावही आहे. शब्द बाहेरचा असला तरी दख्खनला सुगंधाचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, पुढे निजामाच्याच मुलखात आलेलं. राजाने कोणते उपभोग कसे घ्यावेत हे त्यात सांगितलं आहे. विलेपन, फुलांच्या माळा, धूप या सगळ्यांना त्यात वेगवेगळी जागा आहे आणि ऋतू बदलला की अंगाला लावायची द्रव्यंही बदलावीत असंही आहे. पुढे विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी 'इत्र-ए-नौरस शाही' नावाचा फारसी ग्रंथ खास सुगंधांवर लिहिला गेला. गुलाबाच्या अत्तराची कथा तर प्रसिद्धच आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं श्रेय नूरजहाँच्या आईला दिलं आहे. गुलाबपाणी काढताना वर आलेला तवंग तिने गोळा केला, असं तो लिहितो.

म्हणजे राजे बदलले, धर्म बदलले, भाषा बदलल्या, पण ऋतूप्रमाणे वास ही गोष्ट टिकली. आमच्या लहानपणी चारमिनारजवळच्या अत्तराच्या दुकानांत हाच हिशेब चाले. उन्हाळ्यात खस, मोतिया, गुलाब. पहिल्या पावसात मातीचं अत्तर. थंडीत हिना आणि शमामा, ज्यांच्यात मसाले असतात आणि ज्यांनी अंगात ऊब येते असं मानतात. मोतिया म्हणजे आपला मोगरा. दुकानदार काचेच्या काडीने हाताच्या पाठीवर एक रेघ ओढायचा. तोळ्यावर भाव. साध्या माणसाला पाव तोळा महिनोन्‌महिने पुरायचा, कारण फायाला एक थेंब लावला आणि तो कानात ठेवला की दिवस निघाला.

अत्तर कसं होतं हे आमच्या आजोबांच्या ओळखीतले एक अत्तरवाले चाचा इतकं रंगवून सांगत की आम्ही पोरं दुकानातून हलत नसू. कनौजला तांब्याची मोठी डेग असते. तिच्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपून बंद करायचं आणि खाली शेणी-लाकडाची आच. डेगेतून बांबूची नळी निघते, तिला सुतळी गुंडाळलेली. तिला चोंगा म्हणतात. चोंग्याचं दुसरं टोक भपक्यात, म्हणजे पाण्याच्या हौदात बसवलेल्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात. भपक्यात आधीच चंदनाचं तेल ओतलेलं असतं. फुलांची वाफ चोंग्यातून येते, भपक्यात थंड होते आणि तिच्यातला वास चंदन धरून ठेवतं. आच किती, भपका किती तापला, हे कारागीर हात लावून ठरवतो. मग पाणी वेगळं काढायचं, ते परत डेगेत घालायचं, नवी फुलं घालायची. असं कित्येक दिवस. शेवटी उरलेला ओलावा जावा म्हणून अत्तर चामड्याच्या कुप्यांत भरून ठेवायचं.

या सगळ्यात खरा आधार चंदनाचा. फुलाचा वास उडून जाणारा, चंदन तो अडवून बसतं. म्हणून अत्तर महाग. म्हैसूर संस्थानाने 1916 साली चंदनतेलाचा कारखाना काढला, पण चंदनाच्या झाडावरचा सरकारी हक्क फार काळ टिकला. आपल्या जमिनीतलं झाडही आपलं नसल्याने लोकांनी ते लावणंच सोडलं. कर्नाटकाने 2001 साली आणि तामिळनाडूने 2002 साली कायदे सैल केले, तोवर जंगलातलं चंदन तुटत आलं होतं. भाव आभाळाला भिडले. आज स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच अत्तरांत चंदनाऐवजी पातळ पॅराफिन असतं. घेतल्यावर दुपारपर्यंत वास गेला तर दुकानदाराशी भांडू नका, त्याने चंदनाच्या भावात दिलेलं नसतं.

आता हळदीकुंकवाकडे येते.

दरबारात अत्तर-गुलाब आणि पान-सुपारी ही निरोपाची खूण असे. ती दिली की बैठक संपली, आता उठा. तीच रीत आपल्या घरांत बायकांच्या समारंभात उतरली. हळदकुंकू, अत्तर, गुलाबपाणी, ओटी. आमच्याकडे चैत्रगौरीला आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. तीस-चाळीस बायका चौकात बसायच्या. डाळ वाटायची ती आजी. पन्ह्यात वेलची कुटून घालायची ती आजी. चांदीची अत्तरदाणी राखेने घासून लख्ख करायची तीही आजीच. आणि पहिली सवाष्ण दारात आली की आजी मागच्या खोलीत जायची. कुणी जा म्हणत नसे. सांगायची वेळ कधी आलीच नाही, इतकं ते ठरलेलं होतं.

1966 सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची. त्या वर्षी पहिल्यांदा अत्तरदाणी माझ्या हातात आली. मी मोठ्या थाटात सगळ्यांच्या हातांना अत्तर लावत फिरले. चौक झाला, ओसरी झाली, मग मी मागच्या खोलीत गेले. आजी सुपारी कातरत बसली होती. "आजी, हात पुढे कर." आजीने हात केला नाही, मागेही घेतला नाही. तेवढ्यात मागून मोठ्या आजीने, म्हणजे आजीच्या थोरल्या जावेने, माझं मनगट धरलं. "तिला नाही लावायचं हं." रागाने नव्हे, गरम भांड्याला हात लावू नको असं सांगावं तसं.

मी का म्हणून विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही. आजी म्हणाली, "जा गं, बाहेर बायका खोळंबल्यात."

आज वाटतं, अण्णासाहेब कर्व्यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला आणि 1896 साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्याला तेव्हा सत्तर वर्षं होऊन गेली होती. आमच्या घरात कर्व्यांचा फोटो होता. आजीचे केस राहिले, तिला लिहिता-वाचता येत होतं, ती रोज वर्तमानपत्र वाचायची. मोठमोठ्या गोष्टी सुधारल्या होत्या. अत्तराचा एक थेंब तेवढा राहिला होता. सुधारणा अशीच येते, पुढच्या दाराने. मागच्या खोलीपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो.

आता ट्रंकेची गोष्ट.

आमच्या परसात विहिरीजवळ हिरव्या चाफ्याची वेल होती. वेल म्हणायची, पण खरं तर दणकट झुडूपच ते, आकड्यांनी आधार धरत वर चढणारं. त्याचं फूल ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, ते दिसतच नाही. पानांसारखंच हिरवं, जाड पाकळ्यांचं. कळी असताना वास नाही. फूल पिकून हिरव्याचं पिवळं व्हायला लागलं की मात्र सगळं परस पिकलेल्या फळांच्या वासाने भरून जातं. कुणाला त्यात केळं दिसतं, कुणाला फणस, कुणाला सफरचंद. आमच्या शेजारच्या तेलुगू मावशी त्याला मनोरंजितम म्हणायच्या आणि सांगायच्या, मनात जे फळ आणाल त्याचा वास येतो. आम्ही पोरं डोळे मिटून आंबा, पेरू, द्राक्षं करत बसायचो आणि प्रत्येक वेळी खरंच तसा वास यायचा.

आजी संध्याकाळी विहिरीवर जायची तेव्हा दोन फुलं शोधून आणायची. हातात घेतलेली कधी दिसली नाहीत, बहुतेक पदरात असावीत. तिची सगळी लुगडी एकाच पत्र्याच्या ट्रंकेत असत. ट्रंक उघडली की तो वास. आजीच्या कुशीत झोपलं की तो वास. मला वर्षानुवर्षं वाटायचं, आजीच्या अंगालाच तसा वास येतो, जसा बाळांना येतो.

एकदा चाचांना मी विचारलं होतं, हिरव्या चाफ्याचं अत्तर आहे का तुमच्याकडे? ते हसले. "बेटी, हर फूल का इत्र नै बनता. ये फूल भट्टी नै सहता." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. पुढे बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं तेव्हा थोडं कळलं. पिकलेल्या फळांना वास येतो तो मुख्यतः एस्टर नावाच्या द्रव्यांमुळे. केळ्याचा, नासपतीचा, अननसाचा, सगळ्या एस्टरांच्याच जाती. हिरव्या चाफ्याच्या वासातही तीच मंडळी. ती भुर्रकन उडतात, म्हणून वास लांबवर जातो आणि म्हणूनच लवकर संपतोही. तासन्‌तास उकळलं तर त्यांचा मूळ ताजेपणा राहायचा नाही.

सेंट करणाऱ्यांचीही हीच अडचण होती. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल काढता येतं, पण सफरचंद, नासपती, पीच यांतून वासाचं तेल हाती लागत नाही. म्हणून हे फळांचे वास प्रयोगशाळेत तयार करावे लागले. 1919 सालचं 'मित्सुको' हे फ्रेंच सेंट प्रसिद्ध झालं, त्यातला पीचचा वास असाच कृत्रिम होता. गेल्या तीसेक वर्षांत फळ आणि फूल एकत्र असलेली हलकी सेंटं तरुण मुलींच्या रोजच्या पर्समध्ये आली. माझ्या नातीची बाटली त्यातलीच. मला आजीची ट्रंक आठवली ती काही चमत्काराने नाही. कारखान्यात बनलेली आणि आमच्या विहिरीजवळ पिकलेली द्रव्यं एकाच कुळातली.

आता एक गोष्ट सांगते, जी मला फार उशिरा कळली आणि जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

'गंधसार' नावाचा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे, गंगाधर नावाच्या पंडिताचा, पूर्ण सुगंध बनवण्याच्या शास्त्रावर. त्याच्याच जोडीला 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ मिळतो, ज्याच्या कर्त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. आणि या गंधवादावर चक्क मराठीत टीका आहे! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पुढे 1989 साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये दोन्ही ग्रंथ छापले. सयाजीरावांच्या काळात सुरू झालेली ही माला, बडोद्याच्या मंडळींनी तिचा अभिमान धरावा अशीच आहे. 'मानसोल्लास'ही तिच्यातच छापला गेला.

म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस बसून, हे सुगंधाचं शास्त्र आपल्या लोकांना कळावं म्हणून मराठीत समजावत होता. अत्तर ही राजदरबाराची, उत्तरेची, परक्यांची चीज आणि आपलं मराठी घर साधं, चंदन-उटण्यापुरतं, असं आपण समजत आलो. तसं नव्हतं.

आणि त्या गंधसारात सुगंध बनवण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. पहिल्या काहींना चूर्णं, काढे, आच, भांडी लागतात. शेवटची वासन. तिला काही लागत नाही. ताज्या सुगंधी फुलांच्या सहवासात वस्तू ठेवायची, फुलांचा वास तिला लागतो, फुलं शिळी झाली की बदलायची. झालं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आमची आजी चाळीसेक वर्षं ट्रंकेत दुसरं काय करत होती?

आजी 1984 साली गेली. तेराव्यानंतर ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घड्यांत, प्रत्येक घडीत, जुन्या मलमलच्या चिंध्यांत गुंडाळलेली वाळकी, काळपट पडलेली फुलं निघाली. वास तेव्हाही होता, अगदी पुसट. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "म्हणजे हे आजी लपून करायची?"

मोठी आजी भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा तिच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. ती म्हणाली, "लपून कसलं गं? वास काय लपतो? सगळ्यांना यायचा की. पण फूल डोक्यात नाही, अंगावर नाही. कोण काय बोलणार?"

मी पुष्कळ दिवस तिच्यावर रागावले होते. त्या दिवसापासून तो राग मला धरता आला नाही. सोडताही आला नाही.

1998 साली माझे वडील गेले. पुढच्या चैत्रात हळदीकुंकू माझ्या घरी होतं. पहिल्या बायका आल्या तशी आई उठली आणि "डाळीला फोडणी द्यायची राहिलीय" म्हणत आत निघाली. फोडणी सकाळीच देऊन झाली होती. मी अत्तरदाणी घेऊन मागोमाग गेले, तिचा हात धरला आणि मोतियाची रेघ ओढली. मग तिला बाहेर आणून बसवलं, कुंकू लावलं, ओटी दिली. आईने हात नाकाशी नेला आणि हळूच म्हणाली, "हे तुझ्या आजीला लावायला हवं होतंस."

खरं आहे. नऊ वर्षांच्या मुलीचं मनगट कुणीही धरू शकतं, पण 1984 पर्यंत मी सत्तावीस वर्षांची झाले होते. नोकरी करत होते, भाषणं ऐकत होते. त्या मधल्या वर्षांत कुणीही माझं मनगट धरलं नव्हतं. मीच विसरले होते.

त्या दिवशी बसलेल्यांपैकी दोघीजणी ओटी न घेता उठल्या आणि पुढच्या वर्षी आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यातली एक आली, स्वतःच्या विधवा बहिणीला घेऊन. तिने दारातच विचारलं, "हिला आणलंय, चालेल ना?" याहून जास्त काही बोलणं झालं नाही.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बातमी वाचून आनंद झाला. ठरावात अत्तराचा उल्लेख नव्हता. असायचं कारणही नाही, एवढ्या बारीक गोष्टी ठरावात येत नसतात. त्या घरातच सोडवाव्या लागतात.

सुलतान बाजारचं घर आता नाही, तिथे कपड्यांची दुकानं आहेत. विहीर बुजवली. चांदीची अत्तरदाणी माझ्याकडे आहे. ती घासायला आता राख मिळत नाही, दंतमंजन वापरते. हिरव्या चाफ्याचं रोप रोपवाटिकेतून आणून गच्चीवर मोठ्या कुंडीत लावलंय. तीन वर्षं नुसती पानं, यंदा पहिली फुलं आली. नातीला म्हटलं, शोध. तिला सापडेनात. मग डोळे मिटायला सांगितले, तेव्हा पटकन सापडलं.

ती म्हणाली, "आजी, हे तर माझ्या सेंटसारखं आहे." म्हटलं, "उलटं आहे गं. तुझं सेंट ह्याच्यासारखं आहे."

एक फूल आता माझ्या साड्यांच्या कपाटात आहे. नातीची बाटलीही वापरते, रोज. फवारा मारला की पाच मिनिटं ट्रंक उघडते, मग ती जाते.

तर मंडळी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, गोवा, जिथे कुठे असाल तिथून सांगा. तुमच्या घरच्या मागच्या खोलीत कोण बसायचं? आणि तिच्या ट्रंकेला कशाचा वास यायचा? नावं नका लिहू, फुलाचं नाव लिहिलंत तरी पुरे.